दिसलं ते आणि वाटलं ते

१९४४ चा नोव्हेंबर संपत आला होता. फ्रान्समधल्या दीजाँजवळच्या तळावरून अमेरिकेच्या ४१५ व्या रात्र-लढाऊ स्क्वाड्रनची ब्यूफायटर विमानं ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यावर गस्तीला जात. एका रात्री लेफ्टनंट एडवर्ड श्ल्यूटर, त्यांचे रडार-निरीक्षक डोनाल्ड मायर्स आणि सोबत गेलेले गुप्तवार्ता अधिकारी फ्रेड रिंगवॉल्ड या तिघांना दूर डोंगरांच्या बाजूला आठ-दहा नारिंगी दिवे ओळीने धावताना दिसले. जमिनीवरच्या रडार केंद्राला विचारलं, तर तिथे पडद्यावर काहीच नव्हतं. विमानातल्या रडारवरही नव्हतं. श्ल्यूटरनी विमान दिव्यांकडे वळवलं तसे दिवे विझले, आणि थोड्या वेळाने आणखी लांब पुन्हा दिसले. तळावर परतल्यावर तिघांनीही तोंड उघडलं नाही. लढून लढून यांचं डोकं फिरलं, असं ठरवून आपल्याला विमानातून उतरवतील, ही भीती त्यामागे होती असं पुढे छापून आलं.

पण पुढच्या आठवड्यांत त्याच स्क्वाड्रनचे इतर वैमानिकही तेच सांगू लागले. कुणाच्या पंखाच्या टोकाशी लाल गोळा चालत होता, कुणाच्या मागे दोन दिवे लागले होते. 'स्मोकी स्टोव्हर' नावाच्या चित्रमालिकेतला एक निरर्थक शब्द उचलून त्यांनी या दिव्यांना 'फू फायटर' म्हणायला सुरुवात केली आणि जानेवारी १९४५ मध्ये हे नाव वर्तमानपत्रांतून जगभर गेलं. जर्मनीचं काहीतरी नवं शस्त्र असणार, हा पहिला तर्क होता. युद्ध संपल्यावर जर्मनीच्या प्रयोगशाळा धुंडाळल्या गेल्या, पण असं शस्त्र मिळालं नाही. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसवली. पुढे नोबेल मिळवणारे लुई अल्वारेझ तिचे सदस्य होते. त्या समितीने या दिव्यांचाही उल्लेख केला. सेंट एल्मोच्या ज्योतीसारखा विद्युतभाराचा प्रकार असेल, हवेतल्या हिमकणांवरून परावर्तित झालेला उजेड असेल, असे अंदाज मांडले. आणि नेमकं कारण कधीच निश्चित झालेलं नाही, हेही स्पष्ट लिहून ठेवलं.

त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला. ऱ्हाइनवरच्या दिव्यांचं उत्तर अजून तिथेच थांबलेलं आहे.

पुढच्या पानांत वाचकाला अशाच हकीकती भेटतील. त्या वाचण्याआधी एक सवय लावून घ्यावी, एवढ्यासाठी ही लांबलेली प्रस्तावना. प्रत्येक हकीकतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: डोळ्यांना काय दिसलं, आणि त्यावरून मनाने काय ठरवलं. 'डावीकडे, क्षितिजाच्या जरा वर, केशरी दिवा, सहा मिनिटं' हे दिसणं. 'पाच मैलांवरून आमच्या बरोबरीने उडणारं मोठं यान' हे ठरवणं. माझ्या मते पहिली गोष्ट जवळजवळ नेहमी विश्वासार्ह असते आणि दुसरी क्वचितच. हा फरक न केल्यामुळे वैमानिकांवर दोन्ही बाजूंनी अन्याय झाला आहे. परग्रहवासीयांची वाट पाहणाऱ्यांनी त्यांच्या निष्कर्षालाच साक्ष मानलं. चेष्टा करणाऱ्यांनी निष्कर्षाबरोबर साक्षही फेकून दिली.

वैमानिकाचा डोळा रात्री कुठल्या परिस्थितीत काम करतो, ते आधी पाहू. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा वातावरणातली सुमारे तीन चतुर्थांश हवा त्याच्या खाली असते. धूळ नाही, धुकं नाही. जमिनीवरून फिकट दिसणारा तारा तिथे धारदार दिसतो. क्षितिज साडेतीनशे किलोमीटरहून दूर गेलेलं असतं आणि डोळ्यांच्या सरळ रेषेपेक्षा सुमारे तीन अंश खाली झुकलेलं असतं. म्हणून मावळतीला आलेला ग्रह विमानाच्या पातळीच्याही खाली दिसू शकतो. जमिनीवरचा माणूस ग्रह-तारे कायम मान वर करून बघत आलेला असतो. खाली दिसणारा दिवा ग्रह असेल ही शंका त्याला येणारच नाही. त्यात आजूबाजूला झाड नाही, खांब नाही, घर नाही. दिव्याचा खरा आकार माहीत नसेल तर त्याचं अंतर कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर वेग कळत नाही. मैलभरावरचा छोटा दिवा आणि कोट्यवधी किलोमीटरवरचा ग्रह यांत फरक करायला डोळ्यापाशी साधनच नसतं.

आणखी एक गोष्ट आहे. काळोखात एकटा स्थिर दिवा टक लावून पाहिला की काही सेकंदांत तो हलू लागतो. डोळ्यांच्या बारीक हालचाली आणि संदर्भाचा अभाव यांतून हा भास होतो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांना १७९९ मध्ये तेनेरीफ बेटावरच्या पर्वतावर तारे असेच डुलताना दिसले होते, आणि ती खरी हालचाल असावी असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या महायुद्धात हा भास रात्रीच्या उड्डाणात जीवघेणा ठरू शकतो हे ध्यानात आलं. ॲश्टन ग्रेबिएल आणि ब्रँट क्लार्क यांनी १९४५ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच दिव्याकडे टक लावू नका, नजर फिरती ठेवा, हे तेव्हापासून वैमानिकांना शिकवलं जातं.

शुक्राची चांदणी मात्र या शिकवणीलाही पुरून उरते, आणि त्याचं कारण शिकवणीतच आहे. समोरून येणारं विमान टक्कर होण्याच्या मार्गावर असेल, तर ते काचेत एकाच जागी थांबलेलं दिसतं. सरकत नाही, फक्त मोठं होत जातं. म्हणून काचेत न सरकणारा दिवा हाच सर्वांत धोक्याचा, हे वैमानिकाच्या अंगी भिनलेलं असतं. शुक्रही काचेत सरकत नाही. पातळ ढगाआडून बाहेर येताना तो झपाट्याने मोठा होत असल्यासारखा दिसतो. जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात सहवैमानिक डुलकीतून नुकताच जागा झाला होता. समोरून, हजार फूट खालून, अमेरिकी हवाई दलाचं एक मालवाहू विमान येत असल्याची सूचना होती. त्याने आधी शुक्रालाच ते विमान समजलं. कप्तानाने चूक दाखवून दिली. पण क्षणात खरं विमान दिसलं आणि ते वरून आपल्या अंगावर येतंय असं वाटून त्याने विमानाचं नाक खाली दाबलं. पट्टे न बांधलेले लोक छताकडे फेकले गेले. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी झाले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने झोपेची गुंगी, अपुरी विश्रांती हे सारं तपासून सविस्तर अहवाल दिला. आकाशातल्या दिव्यांचा विषय हौसेचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो अहवाल जरूर वाचावा.

अमेरिकी हवाई दलाचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनी वीसेक वर्षं अशा हजारो नोंदी चाळल्या आणि वैमानिक हे तुलनेने कच्चे साक्षीदार ठरतात, असं लिहिलं. त्यात वैमानिकांचा अपमान मला दिसत नाही. वैमानिकाला शेकडो जीव सांभाळायचे असतात. दिवा विमानाचा असेल असं धरून चालणं हेच त्याचं कर्तव्य आहे. दहा वेळा शुक्राला विमान समजणारा वैमानिक एकदा खऱ्या विमानाला शुक्र समजणाऱ्यापेक्षा शतपट चांगला.

सुटे दिवे जोडून त्यांचं एक यान बनवणं, हा मनाचा दुसरा उद्योग. २४ जुलै १९४८ ला पहाटे पावणेतीनच्या सुमारास ईस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-३ विमान अलाबामातल्या माँटगोमेरीजवळून जात होतं. कप्तान क्लॅरेन्स चाइल्स आणि सहवैमानिक जॉन व्हिटेड यांच्या बाजूने काही सेकंदांत एक चिरुटाच्या आकाराचं, बिनपंखांचं यान सुसाट गेलं. त्याला उजळलेल्या खिडक्यांच्या दोन ओळी होत्या आणि मागे नारिंगी ज्वाळा. जाग्या असलेल्या एका प्रवाशाला मात्र नुसती उजेडाची रेघ दिसली. ती मोठी उल्का असावी, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. तसं मानायला आधार मिळाला तो वीस वर्षांनी. ३ मार्च १९६८ च्या संध्याकाळी सोव्हिएत झोंड-४ मोहिमेतल्या रॉकेटचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले. कशाचे तुकडे, कुठून कुठे गेले, हे सारं नक्की माहीत होतं. तरीही कित्येक समंजस साक्षीदारांनी एकसंध, लांबट यान आणि त्याच्या उजळलेल्या खिडक्या यांचं वर्णन लिहून पाठवलं.

महाराष्ट्राने हे दृश्य स्वतः पाहिलेलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राच्या आकाशातून तेजस्वी दिव्यांची रांग शेपट्या सोडत गेली. कुणी उल्का म्हटलं, कुणी कोसळणारं विमान, कुणी क्षेपणास्त्र. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं येऊन पडलं आणि आसपास गोल टाक्याही सापडल्या. वर्षभरापूर्वी सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचे ते भाग असल्याचं जाणकारांनी कक्षेच्या गणितावरून सांगितलं. लाडबोरीत वस्तू हातात आली म्हणून वाद मिटला. ती समुद्रात पडली असती, तर त्या रात्रीच्या किती वर्णनांत खिडक्या उगवल्या असत्या, याचा विचार वाचकाने करून पाहावा. अंधारात सरकणाऱ्या उजेडाला माणूस ओळखीचं नाव देतोच. कोकणात ती वेताळाची पालखी असते, युद्धाच्या काळात शत्रूचं शस्त्र असतं, रॉकेटच्या युगात परग्रहावरचं यान असतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे सगळा भासच. तसं म्हणणाऱ्यासाठी या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण मी राखून ठेवलं आहे.

गडगडाटी ढगांच्या वरच्या बाजूला, थेट अवकाशाच्या दिशेने, क्षणभर लाल-निळे झोत उठताना दिसतात, असं वैमानिक कित्येक दशकं सांगत होते. विजेचा अभ्यास करणारे ते ऐकून घेत आणि सोडून देत. वीज ढगातून खाली येते, ढगात खेळते. वर कशाला जाईल? सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने ढगांच्या बरंच वर, विरळ हवेत विद्युत्स्फोट होऊ शकतील असं गणिताने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. विल्सन नोबेलविजेते होते, तरी तो विचार पडून राहिला आणि वैमानिकांची तोंडी साक्षही पडून राहिली. मग जुलै १९८९ मधल्या एका रात्री मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंक्लर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवर बसवायचा एक अतिसंवेदनशील कॅमेरा तपासून पाहत होते. क्षितिजाकडच्या वादळावर कॅमेरा रोखलेला असताना चित्रफितीत ढगांच्या वर उभे राहिलेले उजेडाचे दोन खांब सापडले. तो निव्वळ योगायोग होता. त्यानंतर अवकाशयानांतून घेतलेल्या जुन्या चित्रफिती पुन्हा तपासल्या गेल्या, तर त्यांतही तेच. आज त्यांना 'स्प्राइट' म्हणतात. ते जमिनीपासून सुमारे ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, सेकंदाच्या काही हजारांश भागापुरते उमटतात. हवेतल्या नायट्रोजनमुळे त्यांचा रंग लाल असतो. ढगाच्या माथ्यावरून वर झेपावणारे निळे झोत १९९४ मध्ये अलास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी विमानातूनच टिपले. भारतातही, पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद केंद्रातून असे स्प्राइट कॅमेऱ्यात पकडले गेले आहेत.

म्हणजे वैमानिक खरं बोलत होते. इतकी मोठी गोष्ट, वातावरणशास्त्राची एक अख्खी शाखा, त्यांच्या शब्दांत आधीपासून पडून होती. कुणी त्या साक्षी तारीख-वारासह जमवल्या असत्या, वादळाच्या नकाशांशी ताडून पाहिल्या असत्या, तर १९८९ च्या त्या योगायोगाची वाट पाहावी लागली नसती. मला या विषयाबद्दल जी तळमळ वाटते ती इथून येते. चेष्टेने नुकसान होतं, आणि ते ज्ञानाचं होतं.

आता एक असं प्रकरण, जे दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं. १७ नोव्हेंबर १९८६. पॅरिसहून तोक्योला फ्रेंच वाइन घेऊन निघालेलं जपान एअरलाइन्सचं मालवाहू बोइंग ७४७, उड्डाण क्रमांक १६२८, अलास्कावर होतं. संध्याकाळ सरत आलेली. कप्तान केन्जू तेराउची यांना डावीकडे दिवे दिसले. मग ते अचानक विमानासमोर आले, रांगा करून उभे राहिल्यासारखे, आणि त्यांची ऊब चेहऱ्याला जाणवली असं कप्तानांनी सांगितलं. पुढे फिकट दिवे दिसले, आणि त्यांच्या आधारे एक प्रचंड काळी आकृती, विमानवाहू नौकेच्या दुप्पट. त्यांनी नियंत्रकांच्या परवानगीने उंची बदलली, वळणं घेतली, एक पूर्ण फेरीही मारली. हा प्रकार पाऊण तासाच्या आसपास चालला. लष्करी रडारवर मध्येच काहीतरी उमटलं आणि गेलं. जवळून जाणाऱ्या युनायटेडच्या विमानाला आणि लष्कराच्या सी-१३० विमानाला तिकडे पाहायला सांगितलं, तर त्यांना जपानी विमानाखेरीज काही दिसलं नाही. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने चौकशी केली आणि मार्च १९८७ मध्ये जाहीर केलं की रडारवरची खूण त्याच विमानाच्या दुभंगलेल्या प्रतिध्वनीची असावी. वैमानिकाच्या म्हणण्याला पुष्टी देता येत नाही. गुरू त्या दिशेला होता, असं संशयवाद्यांनी सांगितलं. कप्तान आणि सहवैमानिक यांनी सुरुवातीला पाहिलेल्या दिव्यांच्या रांगांना ते उत्तर पुरं पडत नाही, असं मला वाटतं.

आपली सवय इथे लावून पाहा. पहिले दिवे सहवैमानिकानेही पाहिले. ते दिसणं आहे, आणि ते आजही पुरतं उलगडलेलं नाही. प्रचंड आकृती ही कप्तानांच्या वर्णनातली. काळोखात दोन दिव्यांमधल्या जागेतून उभी राहिलेली. ते ठरवणं आहे. पहिल्याचं उत्तर नाही म्हणून दुसरं सिद्ध होत नाही, आणि दुसरं अविश्वसनीय आहे म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. हे वाक्य मी या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाला लावून पाहिलं आहे.

अलीकडच्या काळात या नोंदी पुन्हा वाढल्या, त्याचं एक कारण स्पष्ट आहे. मे २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रह हजारोंच्या संख्येने कक्षेत गेले. मध्यरात्री विमानातून, सूर्य क्षितिजाखाली जिथे असतो त्या बाजूला पाहिलं, तर साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह एका ठरावीक टापूत आले की त्यांच्या सपाट पृष्ठावरून ऊन थेट वैमानिकाच्या डोळ्यांत येतं. दिवा उजळतो, थोडा सरकतो, विझतो. मागून दुसरा तिथेच उजळतो. पाहणाऱ्याला एकच दिवा तिथे घिरट्या घालतोय असं वाटतं. २०२२ मध्ये पॅसिफिकवरून जाणाऱ्या दोन विमानांतल्या वैमानिकांनी फोनवर टिपलेले असे दिवे संशोधकांनी कक्षांच्या नोंदींशी ताडले आणि कोणत्या प्रक्षेपणातले उपग्रह होते तेही शोधलं. छायाचित्रं होती, वेळ होती, विमानाची जागा ठाऊक होती, म्हणून हे जमलं.

कोडं सुटतं ते असं. अमेरिकी हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाने १९६९ मध्ये बंद होईपर्यंत १२,६१८ नोंदी जमवल्या. त्यांतल्या ७०१ न उलगडलेल्या राहिल्या. त्या ७०१ चा पुरावा म्हणून डंका पिटला जातो. वास्तविक न उलगडलेली नोंद म्हणजे पुरावा नव्हे. फ्रान्सने हे काम सरळ आपल्या अवकाश संस्थेकडे दिलं. तुलूझमध्ये १९७७ पासून ते कार्यालय चालू आहे, आणि आता त्याचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले आहेत. अमेरिकेत नासाने नेमलेल्या, डेव्हिड स्पर्गेल यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात दोन गोष्टींवर भर दिला: परग्रहाशी संबंध दाखवणारा पुरावा मिळालेला नाही, आणि सांगणाऱ्याची होणारी अवहेलना थांबली पाहिजे. वैमानिकांना नाव गुप्त ठेवून सुरक्षेच्या बाबी कळवता याव्यात म्हणून नासा १९७६ पासून जी व्यवस्था चालवते, तिचा वापर या नोंदींसाठी करावा असंही त्यांनी सुचवलं. मला ही सूचना अहवालातली सर्वांत शहाणी वाटते.

आपल्याकडे लडाखमध्ये २०१२-१३ मध्ये पांगाँग सरोवराच्या परिसरात जवानांना रात्री वारंवार तेजस्वी वस्तू दिसत. चिनी ड्रोन असतील म्हणून नोंदी ठेवल्या गेल्या. लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं आणि ते गुरू आणि शुक्र असल्याचं निष्पन्न झालं. यात जवानांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी पाहिलं ते वेळेसकट लिहून ठेवलं आणि ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं. रात्रीची उड्डाणं करणाऱ्या आपल्या वैमानिकांनाही, नाव उघड न होता, हसण्यावारी नेलं न जाता, इतक्याच सहजपणे नोंद करता आली पाहिजे. अरबी समुद्रावर पावसाळी ढगांच्या भिंती पाहत जाणाऱ्या या माणसांसारखे रात्रीचे साक्षीदार आपल्याला दुसरे कुठून मिळणार?

वाचकांपैकी कुणाला विमानाच्या खिडकीतून किंवा घराच्या गच्चीवरून असा दिवा दिसला, तर आधी घड्याळ पाहा आणि वेळ मिनिटासकट लिहा. दिशा लिहा. हात सरळ पुढे करून मूठ धरली की ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. दिवा क्षितिजापासून किती मुठी वर होता ते लिहा. खिडकीच्या चौकटीचा किंवा एखाद्या ताऱ्याचा आधार घेऊन तो खरंच सरकतोय का ते तपासा. काचेतलं प्रतिबिंब असेल तर डोकं हलवल्यावर तेही जागा बदलेल. रंग लिहा, लुकलुकत होता का ते लिहा, किती वेळ दिसला ते लिहा. अंतर, आकार आणि वेग लिहू नका. ते तुम्हाला कळलेले नसतात. मग ती नोंद पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांसारख्या संस्थांतल्या अनुभवी निरीक्षकांना दाखवा.